उशाजवळचं बटण

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. एका सरकारी दवाखान्यात, खिडकीजवळच्या पलंगाच्या उशाशी मी भिंतीवर असतो. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता पार पिवळा पडलोय, पण ते वयाचं झालं. माझं काम सोपं. रोग्याने मला दाबलं की माझ्या पोटातला तांबडा दिवा लागतो आणि तिकडे सिस्टरांच्या खोलीत बेल वाजते. ती बेल मी कधी पाहिली नव्हती. तार तिकडे जाते, एवढंच ठाऊक.

मला स्वतःचा भारी अभिमान होता. तपासणीला येणारा वायरमन मला दाबायचा, दिवा बघायचा, ‘चालू आहे’ म्हणायचा आणि पुढच्या पलंगाकडे वळायचा. सिस्टर कधी लवकर येत, कधी फार उशिरा. मला वाटे, बिचाऱ्यांना कामं काय कमी आहेत!

मग त्या पलंगावर एक आजी आल्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या. सुया टोचून त्यांची बोटं खरखरीत झाली होती. एका दुपारी त्यांना संडासला जायचं होतं. त्यांनी मला दाबलं, थांबल्या, पुन्हा दाबलं. माझा दिवा लख्ख पेटला होता. कुणी आलं नाही. शेवटी त्या एकट्याच उठल्या आणि दाराजवळ पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्याने हात झटकले. बेल चालू होती, आजींनी दाबलीच नाही, असं सांगितलं. आजींचा मुलगासुद्धा म्हणाला, विसरली असेल. आणि एक दिवस आजीच लेकीला हळूच म्हणाल्या, “खरंच दाबली नसेल का गं मी?”

माझा जीव तुटला. साक्षीदार मी एकटा, आणि मला तोंड नाही.

लेक मात्र गप्प बसली नाही. तिने लोकायुक्तांच्या कार्यालयात तक्रार केली. सरकारी सेवांबद्दलच्या तक्रारी तिथे तपासतात, आणि तपासणारी माणसं दवाखान्याची नसतात. तिथल्या एक मॅडम आल्या. त्यांनी आधी आजींचं सगळं ऐकलं, मग मोठ्या डॉक्टरांचं. डॉक्टरांनी मला दाबून दिवा दाखवला. मीही ऐटीत पेटलो.

मॅडमनी मान डोलावली, चपला काढल्या आणि चक्क पलंगावर आडव्या झाल्या. मला दाबलं आणि वाट बघू लागल्या. डॉक्टर चुळबुळत होते. फरशी पुसणाऱ्या मावशी पलंगाखालून फडकं फिरवून गेल्या. सिस्टर काही येईनात.

मॅडम उठल्या. लेकीचं बोट माझ्यावर दाबून ठेवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही बोट उचलू नका.” मग भिंतीवरच्या तारेच्या पट्टीवर नजर ठेवून त्या चालू लागल्या. सिस्टरांच्या खोलीकडे नाही. समोरच्याच कुलूपबंद दाराशी थांबल्या. ती घोंगड्यांची खोली. किल्ली सापडायला वेळ लागला. दार उघडून गठ्ठे बाजूला ओढले, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा माझी बेल ऐकली. भिंतीवर ती बिचारी घसा फोडून वाजत होती.

सिस्टरांची खोली फार पूर्वी, मी यायच्याही आधी, तिथून दुसऱ्या टोकाला हलवली होती. टेबल नेलं, कपाट नेलं, पाण्याचा माठसुद्धा नेला. बेल तेवढी राहिली.

मी सुन्न झालो. इतकी वर्षं, इतकी माणसं मला दाबत होती, आणि मी त्या साऱ्या हाका घोंगड्यांना ऐकवत होतो! सिस्टर आल्या त्या आपल्या फेरीला आल्या होत्या, माझ्यामुळे नव्हेच.

एव्हाना सिस्टरही दारात येऊन उभ्या होत्या. “आम्ही म्हणायचो,” त्या कशाबशा म्हणाल्या, “या वॉर्डातले पेशंट फार समजूतदार आहेत. कुणी बोलवतच नाही.”

निकाल आजींच्या बाजूने लागला: त्यांनी बेल दाबली होती. डॉक्टरांनी घरी जाऊन माफी मागावी, बेल हलवावी आणि तपासणी दोन्ही टोकांना माणूस उभा करून व्हावी, असं ठरलं. तसं झालंही.

परवा आजी वॉकर घेऊन आल्या, पलंगावर टेकल्या आणि मला दाबलं. सिस्टर धावत आल्या. आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“आलीस?” एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, माझा दिवा बघून माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा तिकडच्या टोकाला जाऊन उभे राहा. आपल्या हाकेला कुणी आलं, याचं कुठल्याही आजीला इतकं नवल वाटू नये.