सहा वर्षांत एकदाच फडकलेला बावटा

मी एक जुना लाल बावटा आहे. तांबरमजवळ, रुळांवर काम करणाऱ्यांच्या खोलीत एका खुंटीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, रंग विटला म्हणून मला नावं ठेवू नका. चेन्नईच्या उन्हापुढे भल्याभल्यांचा रंग टिकत नाही.

नवा होतो तेव्हा वाटलं, आता आपण रोज फडकणार. कसचं काय! फाटकावरचा हिरवा बावटा दिवसभर वारा खाई आणि मी राजसबाईंच्या काखेत गुंडाळलेला. राजसबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. रोज मैलोगणती चालत रुळांचे सांधे हातोड्याने ठोकायचे आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. माझा उपयोग कधीच होत नसे, तरी दर रविवारी त्या मला धुऊन सावलीत वाळवत.

सहाव्या वर्षी एका सकाळी एका सांध्याचा आवाज बसका आला, भेग असली की येतो तसा. त्यांनी वाकून बोट फिरवलं. भेग दिसेना. पुन्हा ठोकलं, तर आवाज अगदी खणखणीत! लोकल यायला चार मिनिटं होती. उगाच अडवली तर बोलणी ठरलेली, कदाचित हे कामही जाणार. नाही अडवली आणि रुळाच्या पोटात भेग असली तर? राजसबाई गाडीच्या दिशेने धावल्या आणि त्यांनी मला उघडलं. फडकायची एवढी हौस होती मला, पण तेव्हा मी नुसता थरथरत होतो. गाडी थांबली.

नाशिकहून बदलून आलेले इंजिनियर मकरंद भेग शोधायचं यंत्र घेऊन आले. त्यांनी तो सांधा दोनदा तपासला. काहीच निघालं नाही. सोबतचे लोक गालात हसले. राजसबाईंना आता रुळांवर न पाठवता खोलीवरच बसवावं, असं मुकादम सेतुमाधव म्हणाले.

"भेग दिसली नव्हती, मग गाडी का थांबवलीत?" मकरंदांनी विचारलं.

"रूळ धड आहे हें मज ठाऊक नव्हतें, सार. बोलणीं खाल्लीं तर पचतात."

"आणि उद्या पुन्हा तसाच आवाज आला तर?"

राजसबाईंनी शांतपणे माझी घडी घातली. "पुन्हां थांबिवीन."

मकरंद सेतुमाधवांकडे वळले आणि म्हणाले, की हे काम राजसबाईंकडेच राहील. मला राजसबाईंचा आणि मकरंदांचा, दोघांचाही फार अभिमान वाटला.

पुढे मी फिका पडलो, नवा बावटा आला. पण राजसबाईंनी मला टाकू दिलं नाही. मित्रांनो, न लागणारा बावटाही धुऊन ठेवत जा. आणि शंका आली म्हणून कोणी थांबलं, मागाहून काहीच निघालं नाही, तर त्या माणसाला हसू नका. त्या सकाळी गाडीत हजारभर माणसं होती. चिडचिड करत का होईना, सगळी आपापल्या कामाला पोचली.