नायकांचा नंबर

नर्सबाईचा पेन मोबाईल नंबरच्या रकान्यात थांबला. धनजजवळच्या तांड्यावरून कारंज्याच्या कॉलेजात कोरोनाच्या तपासणीला आलेली ही सातवी पोर, आणि हिचाही नंबर तोच.

“तुमच्या तांड्यात एकच फोन हाये काय?”

फोन मंजूच्या हातातच होता. दीड वर्ष बी.एस्सी.चा अभ्यास तिनं त्याच्यावरच रेटला होता. पण तांड्यातल्या कुठल्याही अर्जावर नंबर पडायचा तो तांड्याच्या प्रमुखांचा, उदयसिंग नायकांचा. राशन असो की गॅस, मेसेज त्यांच्याकडे यायचा आणि संध्याकाळी कडुलिंबाखाली बसून नायक तो खड्या आवाजात सगळ्यांना वाचून दाखवायचे. मंजूला या चावडीवाचनाचा मनस्वी वैताग होता. तरी आधीच्या सहा जणींनी तोच नंबर दिला म्हटल्यावर तिनंही देऊन टाकला. ना ताप, ना खोकला, मग घाबरायचं कशाला? रिपोर्ट दाखवून सोमवारी प्रयोगशाळेत उभं राहायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बापानं, बादलनं, मात्र निघतानाच बजावलं होतं. बिमारी निघाली तर कॉलेज बंद. तांड्यानं आपल्या घराकडे बोट दाखवलेलं त्याला खपणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नायकांनी चष्मा चढवला. सहा नावं वाचली, सहाही निगेटिव. सातव्या मेसेजवर त्यांचा अंगठा थबकला. त्यांनी फोन बंडीच्या खिशात टाकला, मंजूचा अजून आला नाही म्हणाले, आणि उठले.

मंजू त्यांच्या मागे निघाली. नायकांनी आजवर कुणाचा एक मेसेज गिळला नव्हता.

माणसं पांगल्यावर त्यांनी तिला लांबच थांबवलं.

“पॉझिटिव हाये, पोरी. दहा दिवस माह्या वावरातल्या खोलीत राह्यजो. डब्बा दारात येईन. तुह्या बापाले सांगतो, तथं रेंज चांगली हाये म्हणून.”

“अन् घरच्याईले झालं असन तं?”

“उद्या आशाताईले बोलावलं. साऱ्या तांड्याचीच तपासणी करू. मंग कोन कोनाच्या दाराकडं पाह्यते?”

सकाळी रांगेत पहिलं नाक नायकांचंच होतं. मागोमाग सगळे, कुरकुरत बादलही. कुणाचं काही निघालं नाही आणि दुपारपासून सोयाबीनची मळणी पुन्हा सुरू झाली. खोलीत मंजूला दोन दिवस भाजीची चव लागली नाही. बाकी तिनं रसायनशास्त्राचे चार धडे हातावेगळे केले. सोमवार हुकल्याचं वाईट वाटलं, पण कॉलेज हुकणार नव्हतं.

बाराव्या दिवशी मंजू एकटीच कॉलेजात आली. तीच नर्सबाई, तोच रकाना. बाईंनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

“या वेळी तरी सोताचा नंबर सांग.”

मंजूनं फोन पिशवीत ठेवला आणि नायकांच्या नंबरचे दहाही आकडे एका दमात सांगितले.