सातवा निबंध

संतरामनं टाक दौतीत बुडवला, काठाला टेकवून जास्तीची शाई निथळू दिली आणि सातव्या निबंधाचं दुसरं पान उतरवायला घेतलं. दोन ओळी नीट झाल्या. तिसरीला हात थांबला. समोरच्या कागदावर लिहिलं होतं, ‘जिनिंगमध्ये शुभ्र कापसाच्या राशीत बसलेल्या हसतमुख भगिनी पाहिल्या की ढगांत पऱ्या उतरल्याचा भास होतो.’

पऱ्या! त्यानं कागद नाकापासून लांब धरला आणि पुन्हा वाचला. शब्द तोच होता.

अक्षर माणिकरावाचं होतं. तातेराव देशमुखांचा हा मुलगा संतरामच्याच वर्गातला, सतरा वर्षांचा. मिशी अजून फुटायची होती, पण नावामागं राव मात्र पाळण्यापासून. गावातलं जिनिंग तातेरावांचं, तेव्हा तिथल्या पऱ्याही त्यांच्याच म्हणायच्या.

सरकारची भाषा उर्दू, म्हणून हायस्कुलात सगळं शिक्षण उर्दूतून. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, मार खायचा तोही उर्दूत. विद्यार्थी मंडळाचा वर्षातून एकदा होणारा मेळावा एवढीच काय ती मराठी लिहायला-बोलायला जागा होती, आणि तीही मुख्याध्यापकांनी ‘राजकारणाचा एक शब्द निघता कामा नये’ या अटीवर दिलेली. चित्रं, गाणी, वक्तृत्व आणि निबंध अशा चार स्पर्धा व्हायच्या. गेल्या वर्षी परीक्षकांनी अक्षर ओळखून बक्षीस दिलं अशी ओरड झाली. म्हणून औंढेकर मास्तरांनी यंदा नियम काढला. आलेले सगळे निबंध एकाच हातानं उतरवायचे, नाव गाळून नुसता आकडा टाकायचा, मूळ कागद मंडळाच्या पेटीत कुलपात. तंटा झाला तरच पेटी उघडायची.

उतरवायला निवडला तो मंडळाचा चिटणीस संतराम. त्याच्यासारखं अक्षर शाळेत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याचा स्वतःचा निबंधही स्पर्धेत होता, चौथा. त्यावर कुणीतरी हरकत घेतली तेव्हा मास्तर म्हणाले होते,

“संतराम कानामात्रासुद्धा इकडची तिकडे करणार नाही. माझा शब्द आहे.”

आणि बक्षीस काही फुलदाणी-बिलदाणी नव्हतं. पहिल्या येणाऱ्याची औरंगाबादच्या एका बोर्डिंगात दोन वर्षं राहण्याजेवणाची सोय होणार होती. मास्तरांचे एक स्नेही ते चालवत. मॅट्रिकनंतर कॉलेजात जायचं तर संतरामला एवढी एकच वाट होती. नाहीतर जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या बैलगाड्या आत घ्यायचं काम होतंच. आईनं मुकादमाला विचारूनही ठेवलं होतं.

आई, गोजरबाई, त्याच जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यासमोर बसून त्यात कापूस लोटायची. शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं. आई आखाडा बाळापूरला शेतीवर असते असं संतरामनं पाचवीत सांगितलं होतं, आणि एकदा सांगितलेलं तो निभावत आला होता.

निबंधाचा विषय होता ‘श्रमाची प्रतिष्ठा’. आतापर्यंत उतरवलेल्या सहांपैकी चौघांच्या शेतकऱ्याच्या कपाळावर घामाचे मोती चमकत होते. चौथ्यांदा मोती लिहिताना संतरामला वीट आला होता, आणि त्यातले एकदाचे आपलेच आहेत हे आठवून आणखी आला होता. स्वतःचा निबंध त्यानं घरी आईला वाचून दाखवला होता.

“लई मोठं मोठं लिवलंस बाबा,” ती म्हणाली होती, आणि तव्यावरची भाकरी उलटवली होती.

आता या पऱ्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर मैदानात पोरं मांडवाचे खांब पुरत होती. हे आपण आपल्या हातानं, आपल्या वळणदार अक्षरात लिहायचं? त्यानं टाक पुन्हा बुडवला आणि माणिकरावाच्या कागदाकडं न बघता लिहायला सुरुवात केली.

रेच्यासमोरच्या बाया नाकातोंडावर पदर बांधतात, तरी कापसाचा तूस आत जातोच, असं त्यानं लिहिलं. पापण्यांना चिकटतो, भाकरीवर बसतो. संध्याकाळी घरी आलं की गुळाचा खडा चघळायचा, घसा खरवडायचा आणि थुंकायचं. थुंकी पांढरी पडते, तिच्यात धागे असतात. दाराबाहेर लुगडं झटकल्याशिवाय बाई लेकराला जवळ घेत नाही. पण लेकराला दार उघडायच्या आधीच कळलेलं असतं, कारण खोकला तिच्या पुढं चालत येतो. त्यानं एक अख्खं पान लिहिलं. खोडाखोड एकही झाली नाही. पान संपल्यावर तो माणिकरावाच्या शेवटच्या परिच्छेदाशी येऊन मिळाला आणि ‘श्रमदेवतेला वंदन असो’ हे जसंच्या तसं उतरवून मोकळा झाला.

मग त्याला वाटलं, बरंच झालं. थुंकी आणि खोकला घातलेल्या घाणेरड्या निबंधाला कोण बक्षीस देणार? सातवा मागं पडेल, आणि मागं पडलेल्या निबंधाचा मूळ कागद कुणी पेटी उघडून बघत नाही. हा विचार लिहून झाल्यावर आला की लिहिता लिहिता, हे त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही.

मेळाव्याला तातेराव देशमुख अध्यक्ष होते. अध्यक्षांसाठी मांडव भरलेला दिसायला हवा, म्हणून दुपारपासून जिनिंग बंद ठेवून मुकादमानं सगळ्या बाया आणून उजव्या अंगाला रांगेत बसवल्या. कुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. संतराम छातीला बिल्ला लावून खुर्च्या मांडत होता. तिसऱ्या रांगेत त्याला आई दिसली. तिनंही त्याला पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडं वळवली. शाळेत ओळख दाखवायची नाही, हे त्यानं तिला पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि तिनं ते कधी मोडलं नव्हतं. संतरामनं तिच्याकडं पाठ केली आणि सरळ असलेली खुर्ची पुन्हा सरळ केली.

कार्यक्रम लांबत गेला. हार झाले, अत्तर झालं. मुख्याध्यापकांनी अध्यक्षांच्या दिलदारपणावर उर्दूत भाषण केलं, ते बायांपैकी एकीलाही कळलं नाही, तरी मुकादमानं खूण केली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रांत ज्यानं तातेरावांची बैलजोडी काढली होती त्याला पहिलं बक्षीस मिळालं. संतरामला ते सगळं बघवत नव्हतं. पण बिल्ला छातीवर होता आणि औरंगाबाद अजून कुणाचं झालं नव्हतं, म्हणून तो हात बांधून उभा राहिला.

निबंधांचे परीक्षक परभणीचे एक वृद्ध वकील होते. ते उभे राहिले आणि त्यांनी चष्मा पुसला.

“अकरा निबंध वाचले,” ते म्हणाले. “त्यांतल्या सहांत घामाचे मोती सांडलेत. मुलांनो, मी आता त्यांची माळ ओवू काय?”

मांडव हसला. संतरामचे कान तापले.

“एक मात्र वेगळा निघाला. सुरुवात बेताची आणि शेवट भाषणातला. पण मधल्या पानावर एक बाई आहे. ती मी तीन वेळा वाचली आणि मग बाकीचे निबंध मला वाचवेनात. सातवा नंबर.”

औंढेकर मास्तरांनी चिठ्ठी उलगडली आणि माणिकरावाचं नाव घेतलं. तातेराव खुर्चीतून अर्धे उठले. बोर्डिंगाचं मास्तरांनी जाहीर केलं तेव्हा तातेराव म्हणाले,

“ठिवू की बोर्डिंगात! आपल्याला काय कमी हाय? पर मान हाय ना तो. मान सोडायचा न्हाई.”

औरंगाबाद गेलं. ज्याच्या घरी दोन गडी नुसते घोड्यामागं आहेत, त्याला फुकटचं जेवण मिळालं. आणि ते आपणच वाढून दिलं, याची संतरामला शिसारी आली. अशी शिसारी त्याला माणिकरावाचीसुद्धा कधी आली नव्हती.

बक्षिसाचा निबंध मांडवात वाचून दाखवायची रीत होती. माणिकराव गळ्यातल्या हारासकट उभा राहिला आणि संतरामच्या अक्षरातले कागद हातात घेऊन वाचू लागला. पहिलं पान त्यानं ऐटीत वाचलं. दुसऱ्या पानावर दोन ओळींनंतर अडखळला. त्यानं कागद मागंपुढं करून पाहिले. मग मान वर करून त्यानं मांडवात संतरामला शोधलं. संतराम खांबाला टेकून उभा होता. क्षणभर दोघं एकमेकांकडं बघत राहिले, आणि माणिकरावानं पुढं वाचायला घेतलं.

आता त्याच्या आवाजात ऐट नव्हती. तो हळू वाचत होता, कारण पुढं काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. पांढरी थुंकी आली. गुळाचा खडा आला. उजव्या अंगाच्या बाया एकमेकींकडं बघेनाशा झाल्या. त्यांच्यातल्या एकीला खोकला आला. एरवी पदराचा बोळा तोंडात कोंबून दाबला असता, तो तिनं दाबला नाही. वाचन संपल्यावर पहिली टाळी तातेरावांनी वाजवली. आपल्याच जिनिंगची ही गोष्ट आहे, हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे. पोरगं पहिलं आलं, तेवढ्यावर ते खूश होते.

मांडवामागं पाण्याचे रांजण होते. संतराम तिथं जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं माणिकराव आला.

“माझ्या पऱ्या कुठं गेल्या?”

संतरामनं छातीवरचा बिल्ला सरळ केला.

“मधलं पान तुजं हाय. काहून बदललंस?”

“मला लिववलं न्हाई ते.”

“लई भिकार व्हतं का?”

“व्हय.”

माणिकरावानं मान हलवली. त्याला राग आलेला दिसला नाही. गळ्यातला हार काढून त्यानं रांजणाच्या झाकणावर ठेवला.

“ही बाई कोण हाय?”

“कुणी न्हाई. असंच लिवलं.”

“असंच? मला वाचता वाचता घाम फुटला, अन् तू म्हणतो असंच.” तो जवळ आला. “चल मास्तरांकडं. पेटी उघडू दे. मी सांगतो हे माझं न्हाई, तू सांग तुजं हाय. औरंगाबाद तुला पायजे, मला ते असंबी जमंल. पर मास्तर इचारतील, तुला हे सगळं कसं ठावं म्हनून. तेवढं मातर तुलाच सांगावं लागंल.”

माणिकराव लबाड निघाला असता तर किती बरं झालं असतं! त्याच्यावर थुंकून मोकळं होता आलं असतं. आता तो समोर उभा होता, सरळ, औरंगाबाद हातावर धरून, आणि संतरामला फक्त दोन शब्द बोलायचे होते. माझी आई. कानामात्रा न बदलणारा चिटणीस म्हणून असलेलं नाव त्यापायी गेलं असतं, पण तेही चाललं असतं. त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात मांडवातून बाया पाणी प्यायला आल्या. गोजरबाई पुढं होती. माणिकरावाला पाहून ती थबकली, पदर सावरला आणि दोन पावलं लांब उभी राहिली.

“मालक,” ती म्हणाली. “बाबा. तुमी वाचलं ते आमी सगळ्यांनी ऐकलं.”

माणिकरावानं रांजणावरच्या हाराकडं पाहिलं.

“आमच्या दाराशी उभं राहून पाह्यल्यावानी लिवलं बगा. तीस बाया बसतो आमी रेच्यापुढं. समद्यांस्नी लेकरं हायेत. कुनाच्या लेकराला दिसलं न्हाई ते. तुमाला दिसलं.”

तिनं अंगाला हात न लावता, लांबूनच त्याच्या चेहऱ्यावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडकडून मोडली. डोळे पुसताना तिची नजर बाजूला गेली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ती शाळेत संतरामशी ओळख दाखवून बसली.

“ह्यो माझा संतराम,” ती माणिकरावाला म्हणाली. “ह्यानंबी लिवलं व्हतं. मला वाचून दावलं. पर त्यात आमी कुटंच न्हाई. तुमी एका वर्गातले, ह्याला जरा शिकवा की.”

माणिकरावाचा चेहरा उतरला. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा संतरामकडं, आणि मग तो नुसता थांबला. सांगायचं ते संतरामनं सांगावं म्हणून थांबला. बायाही ओंजळी धरून तशाच उभ्या होत्या. आई त्याच्याकडं बघत होती, हसत होती, उत्तराची वाट पाहत होती.

संतराम माणिकरावाकडं वळला.

“व्हय,” तो माणिकरावाला म्हणाला. “शिकव मला.”