मालसुनबाईंची तेरा कामं

"आणखी काही?" प्यो साहेबांनी विचारलं.

तक्त्यात तेरा ओळी भरून झाल्या होत्या. काम, कोण करतं, किती वेळ लागतो. तेराही ओळींत दुसऱ्या रकान्यात एकच नाव होतं : कू मालसुन, चिटणीस, वय त्रेसष्ट.

"नाही," मालसुनबाई म्हणाल्या. "एवढंच."

काम १. कोळसा घरोघरी पोचवणे. वेळ : रोज चार तास.

बामगोल टेकडीवर गॅसची नळी कधी चढली नाही. चाळीस घरांची जमीन अजून खालून कोळशाच्या चुलीवर तापते. बावीस भोकांची, पावणेचार किलोची वडी, एका चुलीला दिवसाला चार. शनिवारी चर्चची माणसं येऊन कोळसा वाहत. मधल्या दिवसांत ज्याचा संपला त्याच्याकडे मालसुनबाई पाठीवरच्या लाकडी घोडीवर सहा वड्या बांधून चढत. वीस वर्षं.

पलीकडच्या दोन टेकड्यांवरच्या तीनशे घरांची यादी कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली होती. कोळसा वाटणाऱ्या मंडळाकडे तिथवर पोचेल एवढं बळ नव्हतं. दर हिवाळ्यात यादीतली काही नावं आपोआप खोडली जात.

मंडळ सुरू करणाऱ्या पास्टर नो यांचं अर्धं अंग गेल्या वर्षी गेलं. त्यांच्या खाटेशी बसून मालसुनबाईंनीच एका मोठ्या कंपनीला पत्र लिहिलं : आम्हाला वस्तू नकोत, मंडळ वाढवता येईल असा माणूस द्या. कंपनीनं प्यो जुनह्योक यांना सहा महिने उसने दिले.

पहिल्याच दिवशी ते कातडी बूट घालून टेकडी चढायला निघाले आणि तिसऱ्या वळणावर बर्फावर घसरले. मालसुनबाईंनी शेजारच्या दारातली जळलेल्या वडीची राख उचलली, त्यांच्या पायापुढे टाकली आणि टाचेनं चुरली. "यावर पाय ठेवा," त्या म्हणाल्या. टेकडीवर सगळे असंच चालतात.

छत्तीस नंबरच्या टाक आजी दारातच उभ्या होत्या. वय चौऱ्याऐंशी.

"मालसुने, उशिरा का होईना, नवरा आणलास म्हणायचा. जरा काटकुळा आहे."

"हे आपले नवे प्रमुख आहेत, आजी."

"असू दे. त्याला पण जेवावं लागतंच की."

प्यो साहेब कमरेत वाकले. टाक आजींनी त्यांच्या दोन्ही खिशांत उकडलेली रताळी कोंबली. ती त्यांनी खाली उतरेपर्यंत खाऊन टाकली, सालासकट. मालसुनबाईंना ते आवडलं होतं.

काम ६. फोन घेणे, आभाराची पत्रे लिहिणे. वेळ : दोन तास.

पुढे मालसुनबाईंकडे हेच एक काम राहिलं. बाकीची बारा प्यो साहेबांनी वाटून टाकली. आठवड्याच्या खेपा बंद केल्या. एका शनिवारी कंपन्यांची दोनशे माणसं रांगेत उभी राहायची, कोळसा हातोहात वर जायचा, एकेका घरात तीनशे वड्या एकदम. दोन-अडीच महिन्यांची बेगमी. राख उचलायला मंगळवारी नगरपालिकेची गाडी.

"तुमच्या गुडघ्यांनी आता खुर्चीत बसायचं," प्यो साहेब म्हणाले. त्यांनी खरंच नवी खुर्ची आणली होती. गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही.

डिसेंबरात तीन टेकड्या झाल्या. तीनशे चाळीस घरं. मालसुनबाईंनी काचेखालची यादी काढून घडी केली. पास्टर नो यांना फोटो दाखवले तेव्हा ते अर्ध्या चेहऱ्यानं रडले.

तक्त्यात न आलेलं.

पहाटे चूल बदलली की म्हातारी माणसं जळलेली वडी चिमट्यानं दाराबाहेर ठेवतात. मालसुनबाई टेकडी उतरताना उजव्या हाताचा मोजा काढत आणि प्रत्येक दारातल्या राखेला हात लावत. कोमट असली की माणूस उठलंय. मधे काळी राहिली असेल तर रात्री विस्तव गेला होता, म्हणजे दार वाजवायचं. चाराच्या जागी दोनच असतील तर कोळसा वाचवणं चाललंय, म्हणजे दार वाजवून बोलायचं. टाक आजी दर हिवाळ्यात वाचवत, दर हिवाळ्यात बोलणी खात.

मालसुनबाई नऊ वर्षांच्या असताना घरात कोळशाचा धूर भरला होता. आईनं तिन्ही मुलांना ओढत अंगणात आणलं, धुरावरचा उतारा म्हणून तोंडात मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी ओतलं. दोघांनी ओकारी काढली. धाकटीनं नाही काढली. सकाळी दारातल्या राखेवरून कुणी हात फिरवला असता तर काय कळलं असतं, असं काही त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. हात लागायचा, एवढंच. त्याला काम म्हणावं हेही मनात आलं नाही. काम म्हणजे ज्यानं पाठ दुखते ते.

खुर्चीत बसल्यावर पहिले काही दिवस त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे. फोन करून त्या टाक आजींना विचारत. आजींना ऐकू कमी येई. "जेवले, जेवले," म्हणून त्या ठेवून देत. मग पत्रं वाढली. तीन टेकड्यांची पत्रं.

मंगळवार, जानेवारी.

राखेच्या गाडीवाल्याचा फोन आला.

"चिटणीसबाई, छत्तीस नंबरला गेल्या खेपेला दोनच होत्या म्हणून उचलल्या नाहीत. आजही त्याच दोन आहेत, बर्फात गोठलेल्या. मुलाकडे गेल्यात का आजी?"

टाक आजींना मुलगा नव्हता.

मालसुनबाई वर गेल्या. दार आतून लावलेलं होतं. पोलिसांनी काच फोडली. आजी स्वयंपाकघराच्या पायरीखाली पडल्या होत्या, हातात चिमटा. चुलीशी पडल्या असाव्यात, कमरेचं हाड मोडलं असावं, डॉक्टर म्हणाले, पण त्यानं नव्हे, थंडीनं गेल्या. बारा-तेरा दिवस झाले असतील. एक दिवस बहुधा जिवंत होत्या.

भिंतीशी कोळसा रचलेला होता. दोनशे सव्वीस वड्या.

काम १४.

अंत्यविधीला सातजण होते. दुसऱ्या दिवशी प्यो साहेबांनी तक्ता पुन्हा टेबलावर ठेवला. ते दाढी करायला विसरले होते.

"गाडीवाला म्हणाला, तुम्ही रोज राखेला हात लावायचात."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, आणखी काही का म्हणून."

"तुम्ही काम विचारलंत," मालसुनबाई म्हणाल्या.

दोष दिल्यासारखं ते नव्हतं. दिलाच असेल तर स्वतःलाही धरून, हे दोघांनाही कळलं.

प्यो साहेबांनी पेन उघडलं. चौदावी ओळ आखली. राख बघणे. तीन टेकड्या, तीनशे चाळीस घरं. आता तीनशे एकोणचाळीस. माणसं नेमावी लागतील, ते म्हणाले, त्यासाठी तिसरा रकाना भरायला हवा.

"किती वेळ लागतो?"

"वेळ लागत नाही," त्या म्हणाल्या. "उतरताना."

प्यो साहेबांनी तो रकाना कोरा ठेवला. मग उठून कोट घातला.

दोघं वर गेले. नवं बर्फ पडून टणक झालं होतं. पस्तीस नंबरच्या दारात मालसुनबाईंनी मोजा काढला, हात लावला आणि बाजूला झाल्या. प्यो साहेबांनीही मोजा काढला. कोमट होती. त्यांनी हात लगेच उचलला नाही.

छत्तीस नंबरच्या दारात दोन वड्या होत्या, पांढऱ्या, काठाला बर्फ धरलेलं. मालसुनबाईंनी त्या एकेक करून उचलल्या, खालच्या उतारावर नेऊन ठेवल्या आणि टाचेनं चुरल्या. सदतीस नंबरचे आजोबा चर्चला जायला निघाले होते. त्यांनी काठी टेकली, राखेवर पाय ठेवला आणि हळूहळू उतरून गेले.