बाणकोट कोण?

सौदीतल्या हुफूफच्या त्या कामगार कॅम्पात पासपोर्टावरच्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. ते नाव इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, आणि गेटवरच्या यादीत. तीनशे माणसांत सात अब्दुल आणि नऊ संतोष असल्यावर दुसरं होणार तरी काय? माणूस ज्या गावचा, ते गाव त्याचं नाव. कुणी दाभोळ, कुणी हर्णै, कुणी बोर्ली. तुकाराम डक्ट फिटर बाणकोटचा, म्हणून तो बाणकोट. कॅम्पाचा जॉर्डनी मॅनेजर उसामा, ज्याला बाणकोट खायचं की नेसायचं हेही ठाऊक नाही, तोसुद्धा त्याला अरबीत ‘या बानकोत’, म्हणजे ‘अरे बाणकोट’, म्हणूनच बोलवायचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत उसामाने त्याच नावाने हाक मारली आणि तुकाराम हात वर करून उभा राहिला. उसामाच्या मोबाईलवर दोन विद्यापीठांच्या शिक्क्यांचा एक अहवाल होता, कामगारांच्या आर्थिक आणि सामाजिक हक्कांवरचा. पान एक्केचाळीसवर हुफूफचा कुणी ‘बाणकोट’ सांगत होता की टाकीला मचूळ पाणी येतं, निम्म्या बराकीला मूतखडे झालेत, आणि कंपनीचा डॉक्टर गोळी हातावर ठेवून कागदावर ‘फिट’ लिहितो. हा तूच का, असं उसामाने विचारलं. तुकाराम हो म्हणाला. संध्याकाळी त्याच्या हातात फायनल एक्झिटचा, नोकरी संपवून कायमचं घरी धाडण्याचा, कागद पडला, विमान गुरुवारचं.

त्याचं मूतखड्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलं होतं. आठ महिने अर्ज करकरून विम्याची मंजुरी मिळाली होती. इकामा गेला की विमाही गेला. आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की आणखी उशीर केलात तर डावं मूत्रपिंड जाईल.

हे ऐकून इलेक्ट्रिकचा फोरमन जमालुद्दीन परकार याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं या वाळूत काढलेला माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आयुष्यात एकदाच मध्ये पडला आणि हे असं झालं. कारण तुकारामला बोलायला बसवणारा तोच होता.

झालं होतं ते असं. रियाधचं एक विद्यापीठ आणि इंग्लंडमधलं एक, असं दोन्हींचं मिळून हे संशोधन. त्यात काम करणारी चारुता मूळची सांगलीची. कॅम्पात बाईमाणसाला प्रवेश नाही, म्हणून तिने ओळखीतून जमालुद्दीनला गाठलं. पाच शुक्रवार तो एकेकाला बाजारातल्या मल्याळी हॉटेलात घेऊन गेला, चहा सांगितला, पोरांच्या तोंडून जे आलं ते तिला नीट समजावून दिलं. चारुताने सुरुवातीलाच बजावलं होतं की खरं नाव लिहायचं नाही, प्रत्येकाने दुसरं काहीतरी नाव घ्यायचं. पोरं हसली. खरं नाव म्हणजे पासपोर्टातलं, एवढं त्यांना पक्कं माहीत. मग एकाने सांगितलं दाभोळ, एकाने हर्णै, तुकारामने बाणकोट. या नावांवरून कुणी ओळखणार नाही ना, असं चारुताने दोनदा विचारलं. आणि जमालुद्दीनने, बावीस वर्षं पुरून उरलेल्या शहाण्याने, छाती ठोकून सांगितलं होतं, “कुठल्याच कागदावर नाहीत ही नावं, मॅडम.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठवलं की त्याला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटे. पण माणूस स्वतःवर किती वेळ चिडणार? त्याने चारुताला फोन लावला.

तिला सगळं ऐकून रडू आलं, आणि त्या रडण्याचाही त्याला राग आला. ते पान ताबडतोब काढा, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली की पान काढायला दोन्ही विद्यापीठांच्या समितीची संमती लागते, आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तेवढ्यातच तिने दुसऱ्या फोनवरून संशोधनाच्या प्रमुख सरांना विचारून घेतलं. सरांचं म्हणणं, सगळ्यांच्या सह्यांचे फॉर्म आहेत, नावं कामगारांनी स्वतःच निवडली आहेत, आपल्याकडून नियमाप्रमाणे काही चुकलेलं नाही.

“नियमाप्रमाणे त्याचं मूत्रपिंडही जाईल,” जमालुद्दीन म्हणाला. “ते तुमच्या कुठल्या पानावर लिहिणार?”

त्याने फोन ठेवला आणि अंगातले कामाचे कपडे न बदलताच उसामाच्या ऑफिसात गेला. 

मोडक्या अरबीत त्याने सांगितलं की पान एक्केचाळीसवरचं बोलणं तुकारामचं नाहीच. तुकारामला इंग्रजी येत नाही, मॅडमशी बोललो तो मी. माझ्या मनातलं मी त्याच्या नावावर खपवलं. तो बिचारा मान हलवत होता. शिक्षा करायची तर मला करा.

उसामा मूर्ख नव्हता. खडा त्याच्या पोटात आणि बोलणं तुझं, हे कसं, असं त्याने विचारलं. मॅडमची आणि तुकारामची भाषा एकच, हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि जमालुद्दीनने ते कळू दिलं नाही; खडा त्याचा, शब्द माझे, एवढंच तो म्हणत राहिला. उसामा खुर्चीत मागे रेलला, कपाळ चोळलं. बोलणारा एक माणूस काढला, एवढंच मालकाला दाखवायचं होतं. कोणता, याची मालकाला पडलेली नव्हती. एका डक्ट फिटरपेक्षा फोरमन काढला तर जरबही जास्त बसेल. त्याने एका कागदावर हे सगळं अरबीत लिहून घेतलं, जमालुद्दीनची सही आणि अंगठा घेतला, आणि तुकारामची एक्झिट रद्द करून त्या जागी जमालुद्दीनची काढायचा अर्ज सही करून त्याच्या समोर टाकला. मग हात झटकून म्हणाला, “खलास.”

बावीस वर्षं अर्ध्या तासात उरकली. बाहेर येताना जमालुद्दीनला वाईट वाटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी जगात नवी नाही, पण इथे संन्याशाने निदान फास स्वतः मागून घेतला होता. आता तुकाराम गळ्यात पडेल, असंच तो धरून चालला होता.

तुकाराम खाटेवर कुशीला हात दाबून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठला आणि जमालुद्दीनच्या हातातली कागदाची प्रत हिसकावून घेतली. अरबी त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो त्या ओळींकडे बघत राहिला.

“ह्यात लिव्हलाय, मी काय बोललोच नाय?”

जमालुद्दीनने होकाराची मान हलवली.

“तुमी मला विचारलात?” तुकारामचा आवाज चढला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. “चौदा वर्षांत पयल्यांदा तोंड उघडला मी. जा बोललो ता खरा होता. त्याची शिक्षा पन माझी होती. तुमी माझा बोलनाच चोरलात, जमालभाय.”

“तुझं ऑपरेशन, तुका…”

“ता करून घेईन मी. येडा नाय मी. पन उपकार म्हनू नका.”

जमालुद्दीनला राग आला, भयंकर आला. ज्याच्यासाठी पोटावर पाय आणून घेतला तोच वर तोंड करून बोलतो! मग त्याला मल्याळी हॉटेलातले ते शुक्रवार आठवले. मॅडमने फॉर्मवर सही घ्यायच्या आधी प्रत्येकाला विचारलं तरी होतं. त्याने तेवढंही केलं नव्हतं. हे पटलं म्हणून राग गेला असं नाही, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

बुधवारी दुपारी चारुताचा फोन आला. तिने नोकरीचा राजीनामा पुढे ठेवला होता, आणि समितीने तातडीने बसून पान एक्केचाळीस पूर्ण काढायला होकार दिला होता. फक्त जमालभाईंनी एकदा हो म्हणावं, की आजच काढतात.

हो त्याच्या जिभेवर आलेलं होतं. तो फोन घेऊन तसाच बराकीत गेला आणि तुकारामपुढे धरला.

“मला काय विचारता, मॅडम? ज्याचं बोलणं आहे त्याला विचारा.”

तुकारामने शर्टाला हात पुसून फोन घेतला. चारुता पलीकडून काय बोलली ते जमालुद्दीनला ऐकू आलं नाही. 

“पान काढू नका,” तुकाराम म्हणाला. “नाव तेवढा बदला, गावाचा नको. आनि मंगळवारी माझा ऑपरेशन होऊ दे. मंग फोन करा. अजून पुष्कळ सांगायचा राह्यलाय.”