पुलापासून नऊ मिनिटं

लेआर्को झोफोलीच्या गॅरेजात लाकडी माळा होता आणि त्या माळ्यावर तेहतीस सायलेन्सर टांगलेले होते. प्रत्येकाला तारेनं पत्र्याची चकती बांधलेली, चकतीवर खिळ्यानं कोरलेलं मालकाचं नाव. कारखान्यातून गाडीबरोबर आलेले, सभ्य आवाजाचे हे सायलेन्सर. त्या खोऱ्यात कुणी वेगाची गाडी घेतली की त्याला पहिली खाज सुटायची ती आवाजाची. तो पुलाशेजारच्या या गॅरेजात यायचा. लेआर्को मूळचा सायलेन्सर उतरवायचा आणि स्वतः वाकवलेला, स्वतः वेल्डिंग केलेला स्टीलचा बसवायचा. मग गाडी अशी गुरगुरायची की डोंगराच्या टोकावरच्या घरातही कळावं, कोण येतंय. दर दोन वर्षांनी पासिंग आलं की जुना खाली यायचा, चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची आणि शिक्का मिळाला की तो परत माळ्यावर.

जे गाडीला लागत नाही ते लेआर्कोनं अडतीस वर्षांत कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं, आणि जे बिघडलेलं नाही ते बिघडलंय असं कुणाला सांगितलं नव्हतं. याचा त्याला गर्व होता. तो गर्व येता-जाता बोलून दाखवायची खोडही होती, त्यामुळे लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे आणि त्याला थोडे कंटाळायचेही.

मार्चमध्ये एका सकाळी गास्पारे आपली लाल लान्चा गाडी घेऊन आला. गास्पारे तंत्रशाळेत मास्तर होता, लोखंड कसं कापायचं, कसं घासायचं हे शिकवायचा. दोघं एका वयाचे, एका वर्गातले.

"तुझं पासिंग पुढच्या वर्षी आहे," लेआर्को म्हणाला.

"पासिंगसाठी नाही आलो. जुना चढव. कायमचा."

"डोकं ठिकाणावर आहे ना? एकोणीस वर्षं झाली हा बसवून. आवाज बसला म्हणून तूच तीन वेळा परत उघडायला लावलास मला."

"फोस्कासाठी रे."

फोस्का म्हणजे गास्पारेची बायको. ती आजारी आहे हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. किती आजारी आहे, ते कुणी बोलत नव्हतं.

"ती म्हणाली, आवाज नको?"

"ती कशाला म्हणेल? तिला कधीही विचार, म्हणते मस्त आहे मी. संध्याकाळी घरी जावं तर ओट्याशी उभी असते, रेडिओ चालू, कांदा चिरत असते. पण दिवसभर पडून असणार ना. जरा डोळा लागला असेल, तेवढ्यात मी पुलापासून ढोल बडवत वर जातो. माझी मलाच लाज वाटते. दुसरी गाडी असती तर ही काढलीच नसती बाहेर. पण दोनपैकी एक विकायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली, शहाणी गाडी विक, वेडी ठेव."

लेआर्को हसला नाही. फोस्का हे असंच बोलायची, शाळेपासून.

"आज मी शाळेतून परस्पर बसनं घरी जाईन," गास्पारे म्हणाला. "काम झालं की गाडी वर नेऊन ठेव. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली. तिला उठवू नकोस."

लेआर्कोनं गाडी लिफ्टवर चढवली. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडून, ज्योतीनं तापवून, शिव्या घालून त्यानं ते एकेक सोडवले. माळ्यावरून गास्पारेच्या नावाचा सायलेन्सर काढला, पुसला, हलवून पाहिला. आत काही खुळखुळलं नाही. दर हिवाळ्यात त्याला तेलाचा हात फिरवलेला, एकोणीस वर्षांनीही ठणठणीत. रबरी कड्यांत अडकवताना त्यानं नेहमीसारखं पाइप आणि चेसिसच्या मध्ये बोट घालून पाहिलं. एक बोट जागा पाहिजेच. थंड असताना नेमकं बसवलं की तापल्यावर पाइप वाढतो आणि सगळं घासायला लागतं. गाडी खाली चाकांवर उतरवून मग त्यानं बोल्ट पक्के केले आणि इंजिन चालू केलं. गाडी एखाद्या नोकरदारासारखी हळू पुटपुटली. लेआर्कोला वाईट वाटलं, पण काम चोख झालं होतं.

पुलावरून वर सात वळणं. त्यानं गाडी गास्पारेच्या घरासमोर लावली तेव्हा कुत्रंसुद्धा उठलं नाही. कुंडी उचलायला तो वाकला आणि त्याला आतून आवाज आला. आधी वाटलं, जनावर आहे. मग कळलं की माणूस आहे आणि तोंडात काहीतरी कोंबून ओरडतंय.

दार लोटून तो आत गेला. फोस्का स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पाठ कपाटाला लावून, टॉवेल दातांत धरून. डोक्यावर केस नव्हते. बाजूला बादली होती. चेहरा पांढराफटक, घामानं भिजलेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा ओळखलंच नाही.

"गास्पारे?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत जी भीती लेआर्कोनं पाहिली ती त्याला जन्मभर विसरता आली नाही.

"मी आहे. लेआर्को. गाडी द्यायला आलो."

"गाडी कुठली? मला आवाज नाही आला."

"बदलला ना. जुना चढवला. तुला झोप लागावी म्हणून त्यानं सांगितलं."

फोस्कानं डोळे मिटले. कळ ओसरेपर्यंत टॉवेल परत दातांत धरला. लेआर्को तिथेच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. शेवटी त्यानं पेलाभर पाणी दिलं आणि बादली बाहेर रिकामी करून आणली.

"बस," ती म्हणाली. "बस आणि ऐक. पुलावर गाडी आली की मला इथे कळतं. पुलापासून दारापर्यंत नऊ मिनिटं. तेवढ्यात मी उठते. तोंड धुते, रुमाल बांधते, लिपस्टिक लावते, रेडिओ लावते. मग कांदा घेऊन उभी राहते."

"कांदा कशाला?"

"डोळे लाल का, असं कुणी विचारायला नको म्हणून. तू पहिल्यापासून मठ्ठच रे."

लेआर्को तिच्यासमोर फरशीवर बसला.

"अगं, सांग ना त्याला. नवरा आहे तुझा."

"सांगितलं की तो शाळा सोडेल. खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसेल आणि दिवसभर माझ्याकडे बघेल. आत्ता तू बघतोयस ना, तसा. मला ते नकोय. संध्याकाळी तो येतो, शाळेतलं सांगतो, मी हसते, आम्ही जेवतो. तेवढा एक तास मी आजारी नसते, लेआर्को. माझ्याकडे आता तेवढंच उरलंय आणि ते तू पाना घेऊन काढून नेलंस."

"मला काय माहीत?"

"आता माहीत झालं. ती गाडी खाली ने आणि होता तो बसव. त्याला काहीही सांग. जुना सडला होता म्हण."

"सडलेला नाहीये तो. मी गिऱ्हाइकाला असलं कधी सांगितलं नाही."

"ठाऊक आहे. सगळ्या खोऱ्याला तोंडपाठ आहे," फोस्का म्हणाली. "आता सांग. आणि मला वचन दे, मी कशी दिसत होते ते त्याला कळणार नाही."

त्यानं वचन दिलं. तिला धरून पलंगापर्यंत नेलं. ती इतकी हलकी झाली होती की त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

खाली येऊन त्यानं शाळेत निरोप ठेवला, गाडीत अडचण आहे, येताना गॅरेजात उतर. मग गाडी परत लिफ्टवर घेतली, जुना उतरवला, आपला चढवला. हे सगळं सोपं होतं. अवघड पुढेच होतं. जुना सायलेन्सर त्यानं बाकावर ठेवला. एकोणीस वर्षं जपलेली वस्तू, दुसऱ्याची, विश्वासानं ठेवलेली. लेआर्कोनं छिन्नी लावली, हातोडी उचलली, परत खाली ठेवली. बाहेर जाऊन एक सिगरेट ओढली. मग आत येऊन दोन घाव घातले आणि भोकाच्या कडेला गंजाची भुकटी चोळली. स्वतःचीच चोरी केल्यासारखं त्याला वाटत होतं.

सहाच्या बसनं गास्पारे उतरला.

"आतून सडला होता," लेआर्को बाकाकडे बघत म्हणाला. "धूर गाडीत शिरेल. फोस्काला घेऊन कुठे जायची वेळ आली तर? नाही बसवता येणार."

"वर टांगून टांगून सडला?"

"दमट हवा. नदी जवळ आहे."

गास्पारेनं सायलेन्सर उचलून उजेडात धरला. भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग अंगठ्याकडे पाहिलं, तो रुमालाला पुसला आणि रुमालाची नीट घडी घातली.

"बरं," तो म्हणाला. "दुसरा मिळतो का बघ."

"बघतो."

गास्पारे गाडीत बसला. पुलावरून डरकाळी वर गेली आणि लेआर्को ती ऐकत दारात उभा राहिला. वर ती आता उठत असेल, त्याच्या मनात आलं. तोंड धुवत असेल.

त्या उन्हाळ्यात लेआर्कोला रोज संध्याकाळी ती गाडी ऐकायची सवयच लागली. पूल, पहिलं वळण, दुसरं, तिसरं. पण जुलैपासून काहीतरी चुकायला लागलं. चौथ्या वळणावर गाडी थांबायची. इंजिन नुसतं गुरगुरत राहायचं, मधूनच जोरात ओरडायचं, परत गुरगुरायचं. पाच मिनिटं, कधी दहा. मग वर जायची. इंधनात कचरा येतोय, लेआर्कोनं ठरवलं. एकदा आणून दाखव, असं त्यानं दोनदा सांगितलं. गास्पारे दोन्ही वेळा हो म्हणाला आणि आला नाही.

दुसरा सायलेन्सर मात्र लेआर्कोनं खरंच शोधला. एक तरी शब्द खरा व्हावा म्हणून. ऑगस्टमध्ये डोंगरापलीकडच्या भंगारवाल्याकडे तसलाच, चांगला मिळाला. त्यानं त्याच्या चकतीवर गास्पारेचं नाव कोरलं, माळ्यावर टांगला आणि कुणाला काही बोलला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी फोस्का गेली. चर्चमध्ये सगळं खोरं आलं होतं. लेआर्को मागच्या बाकावर बसला आणि लवकर निघाला.

पंधरा दिवसांनी गास्पारे गाडी घेऊन आला. इंजिन बंद करून तो बराच वेळ आतच बसून राहिला. मग उतरला.

"मिळाला का दुसरा?"

"मिळालाय."

"चढव. आता वर कुणाला सांगायचंय, मी येतोय म्हणून?"

लेआर्को शिडीला हात लावून थांबला. तो गास्पारेकडे बघेना.

"तीस वर्षं मी पोरांना छिन्नी धरायला शिकवतोय," गास्पारे म्हणाला. "गंजाचं भोक कागदासारखं विरत जातं. तुझ्या भोकाची कड आत वळलेली होती आणि गंजाखाली पत्रा चकचकत होता. घावही तिरके. तू शाळेतही तिरकेच घालायचास."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खोटं बोललास. तू. बसलो गाडीत आणि वर जाईपर्यंत विचार करत होतो, याला खोटं कुणी बोलायला लावलं असेल. आत गेलो तर ती कांदा चिरत होती. लिपस्टिक ओली होती. आणि जेवणातल्या सूपमध्ये कांदा नव्हता, लेआर्को. कधीच नसायचा. इतके महिने मी ते सूप प्यालो आणि मला कळलं नव्हतं."

लेआर्को शिडीच्या पायरीवर बसला.

"मग मी हळू जायला लागलो. उन्हाळ्यात तिला नऊ मिनिटं पुरेनाशी झाली. रुमाल वाकडा असायचा, श्वास लागलेला असायचा. म्हणून चौथ्या वळणावर थांबायचो. मधूनमधून गाडी ओरडवायचो, म्हणजे तिला कळावं, येतोय पण अजून पोचलो नाही. आधी पाच मिनिटं. मग दहा. मग वीस." हातातली किल्ली त्यानं खिशात घातली, परत काढली. "शेवटच्या दिवशी चाळीस मिनिटं थांबलो. सकाळी फार थकलेली दिसली होती, म्हटलं, घेऊ दे वेळ. वर गेलो तर खुर्चीत होती. रुमाल बांधलेला. लिपस्टिक वरच्या ओठालाच लावली होती. कांदा चिरायच्या फळीवर तसाच. हात अजून गरम होते."

बाहेर नदीला पाणी भरपूर होतं.

"सरळ गेलो असतो तर भेटलो असतो," गास्पारे म्हणाला. "तू सांग. तू कधी खोटं बोलत नाहीस. मी चुकलो का?"

लेआर्कोला मार्चमधली ती फरशी आठवली, तो टॉवेल आणि नवऱ्याचं नाव घेताना तिच्या डोळ्यांत आलेली भीती. तिला दिलेलं वचनही आठवलं.

"सरळ गेला असतास तर तिनं तुला माफ केलं नसतं," तो म्हणाला. "हे खरं सांगतोय."

गास्पारेनं मान हलवली. त्याला पटलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण त्यानं कोट काढून खुंटीला लावला आणि दिवा धरायला पुढे झाला. दोघांनी मिळून सायलेन्सर बदलला. गास्पारेनं बोट घालून जागा पाहिली, मग लेआर्कोनंही पाहिली. गाडी चाकांवर आली, बोल्ट पक्के झाले. गास्पारेनं इंजिन चालू केलं, हात वर केला आणि निघाला. पुलापर्यंत जेमतेम ऐकू आलं. त्यापुढे लेआर्कोला फक्त नदी ऐकू येत होती.

उतरवलेला स्टीलचा सायलेन्सर अजून कोमट होता. भंगारात टाक, असं गास्पारे जाताना म्हणाला होता. लेआर्कोनं तो पुसला आणि कोरी चकती घेतली. खिळा आणि हातोडी घेऊन तो बाकाशी बसला, चष्मा लावला, आणि चकतीवर एकेक अक्षर ठोकत फोस्काचं नाव कोरलं. मग शिडी लावून त्यानं तो गास्पारेच्या रिकाम्या खुंटीवर टांगला.