दोन तास उघडू नये

मी दुहेरी भिंतीचा स्वयंपाकाचा डबा बोलतोय. खरं म्हणजे मला बोलायची वेळच यायला नको होती. माझ्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'दोन तास उघडू नये'. पण माणसांना वाचता येतं, हा माझा गैरसमज निघाला.

कारखान्यात एका पत्र्याच्या पोटात दुसरा पत्रा बसवला, मधली हवा काढून घेतली, कडा सांधल्या आणि मी जन्माला आलो. माझं काम साधं. आतल्या पातेल्यात डाळ घालायची, गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळायची, पातेलं माझ्यात ठेवायचं, झाकण लावायचं आणि निघून जायचं. पुढचं मी बघतो. यात माणसाकडे एकच काम उरतं, ते म्हणजे काही न करणं. नेमकं तेवढंच त्याला जमत नाही.

मला या घरात सुनेने आणलं. ती तेव्हा रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. तिथेच तंत्रज्ञ होण्यासाठीची तिची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. अभ्यासाला वेळ काढायचा तर तो एकच, कामावरून आल्यावर गॅसपुढे उभं राहण्यात जाणारे दोन तास. ते मी तिला देणार होतो. डाळ माझ्यावर सोपवून ती आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली.

तिची पाठ वळते न वळते तोच सासूबाई आल्या. "शिजतंय का नुसतंच बसलंय?" म्हणत त्यांनी झाकण उचललं. मग सासरे आले. ते निवृत्त तपासनीस. नोकरी संपली, तपासणी राहिली. त्यांनी तर पळी घालून ढवळलंसुद्धा. शेवटी नवरोबा आले, ते नुसता वास घ्यायला. माझी सगळी ऊब छताला गेली, आणि प्रत्येकाला वाटलं, आपण एकदाच तर उघडलं!

डाळ दाताखाली कचकचली. खापर अर्थात माझ्यावर.

"कुचकामी आहे हा डबा," सासूबाई म्हणाल्या.

"परत गॅसवर ठेव ना, त्यात काय," नवरोबांनी बसल्या बसल्या सल्ला दिला.

मग रोज तेच. एका हातात पुस्तक, एका हातात पळी, पानांवर डाळीचे डाग. मला तिचाही राग यायचा. एवढी शिकणारी बाई, आणि संशय भांड्यावर!

एक दिवस तिला शहाणपण सुचलं. नमुन्याच्या बाटल्यांना लावतात तशी कागदी चिकटपट्टी तिने माझ्या झाकणावर लावली. दोन तासांनी पाहते तर पट्टी फाटलेली.

"झाकण कुणी उघडलं?"

"मी नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. सासरे वर्तमानपत्रात शिरले. नवरोबांना अचानक कुणाला तरी फोन करायचं आठवलं. तीन मोठी माणसं, आणि एका झाकणापायी खोटं बोलतात! मला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

ती परीक्षा पास झाली, हे आत्ताच सांगून टाकतो. तुम्हालाही शेवटपर्यंत धीर धरवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तर पट्टी फाटली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला थेट कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन आत गेली.

"जेवण कुलपात? आम्ही काय चोर आहोत?" नवरोबा ओरडले.

"चोर परवडला हो. तो एकदाच येतो."

आतून मला सगळं ऐकू येत होतं. सासऱ्यांनी दोनदा कुलूप ओढून पाहिलं. नवरोबांनी तर दाराच्या फटीला नाक लावलं.

दोन तासांनी तिने मला टेबलावर आणलं. तिघं ताटं घेऊन बसलेले. सासूबाईंचा हात झाकणाकडे निघाला.

"थांबा. एवढं पान होऊ दे," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. हात मागे गेला.

डाळ लोण्यासारखी शिजली होती. "आज डाळ चांगली मिळालेली दिसतेय," सासूबाई म्हणाल्या. याहून जास्त मी माणसांकडून मागतही नाही.

आता ती स्वतः रक्त तपासते, आणि पुढच्या परीक्षेचं पुस्तक घरी आलंय. माझा एक कान तुटलाय, मुक्काम अजून कुलपातच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याचं कौतुक करू नका. फक्त हात मागे घ्या आणि तिला पान संपवू द्या.